येरवड्याच्या भिंतीआड: तुरुंग का तुडुंब भरतात आणि त्याची किंमत कोण मोजते?

येरवडा मध्यवर्ती कारागृहाचे नाव आपल्या चळवळीला नवे नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला तो याच तुरुंगात. एरवी वर्तमानपत्रांत येरवडा झळकते ते मोठ्या नावांमुळे. कधी एखादा अभिनेता शिक्षा भोगायला येतो, तर कधी एखाद्या गाजलेल्या खटल्यातील आरोपींना तिथे ठेवले जाते. २०१२ साली कसाबला फाशी झाली तीही इथेच. ज्या हजारो माणसांमुळे हा तुरुंग भरून वाहतो, त्यांची मात्र बातमी होत नाही. त्यांत आपल्या वस्त्यांमधली पोरे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा विषय आपला आहे.

तुरुंगातील गर्दी म्हणजे नेमके काय, ती कशामुळे होते, तिचे परिणाम कोणावर होतात आणि कायद्याने कोणते दरवाजे उघडे ठेवले आहेत, हे आम्ही या लेखात एकत्र मांडत आहोत. पुण्यातील कुटुंबांसोबत काम करताना जे प्रश्न आम्हाला वारंवार विचारले जातात, त्यांची उत्तरे इथे सापडतील. कार्यकर्त्यांनी हा लेख जवळ ठेवावा.

आकडे काय सांगतात?

येरवडा कारागृह १८७१ साली ब्रिटिशांनी बांधले. आज त्याची मंजूर क्षमता सुमारे अडीच हजार कैद्यांची आहे. गेल्या काही वर्षांत तिथे पाच ते सात हजार माणसे राहिली आहेत. म्हणजे एकाच्या जागेत दोन, कधी जवळजवळ तीन.

देशाचे चित्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातून मिळते. २०२२ च्या अखेरीस देशात १,३३० कारागृहे होती. त्यांची क्षमता ४,३६,२६६ आणि आत कैदी ५,७३,२२०. म्हणजे १०० जणांच्या जागेत १३१ जण. महाराष्ट्राचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असून आपल्या राज्यात कैदी क्षमतेच्या दीडपटीहून अधिक होते.

याच अहवालांतले आणखी दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. २०१५ साली देशातील तुरुंगांची क्षमता ३,६६,७८१ होती आणि कैदी ४,१९,६२३. सात वर्षांत क्षमता सुमारे ६९ हजारांनी वाढली, कैदी मात्र दीड लाखाहून अधिक वाढले. यात वाढले कोण? शिक्षा झालेले, म्हणजे पक्के कैदी २०१५ मध्ये साधारण १ लाख ३४ हजार होते आणि २०२२ मध्येही ते तेवढेच आहेत. कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूच झालेला नाही, ते २,८२,०७६ वरून ४,३४,३०२ वर गेले. थोडक्यात, सात वर्षांत तुरुंगांमध्ये जी भर पडली ती जवळपास सगळी कच्च्या कैद्यांची आहे. आज देशातील दर चार कैद्यांपैकी तीन जणांवरचा गुन्हा सिद्ध झालेला नाही.

गुन्हेगार वाढले म्हणून तुरुंग भरले, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. निकालाची वाट पाहणारी माणसे वाढली म्हणून तुरुंग भरले आहेत.

आत कोण आहे?

देशातील कच्च्या कैद्यांमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे एक पंचमांश आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील त्यांचा वाटा १६.६ टक्के होता. आदिवासी आणि मुस्लिम समाजाचेही प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून सुमारे दोन तृतीयांश होतात. जवळपास निम्मे कच्चे कैदी १८ ते ३० या वयातले आहेत आणि बहुतेकांचे शिक्षण दहावीच्या आतच थांबलेले आहे.

बौद्ध किती? याचे थेट उत्तर या अहवालात मिळत नाही. धर्माच्या रकान्यात हिंदू, मुस्लिम, शीख आणि ख्रिस्ती यांची वेगळी मोजणी होते. बौद्ध 'इतर'मध्ये जातात. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत. एवढ्या मोठ्या समाजातली किती मुले तुरुंगात आहेत हे स्वतंत्रपणे कळले पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी.

इथे इतिहासही विसरता येत नाही. ज्या १८७१ साली येरवडा तुरुंग उभा राहिला, त्याच साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा तो कायदा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, पण पारधी समाजातील कुणाही कार्यकर्त्याला विचारा, परिसरात चोरी झाली की पोलीस आधी कोणाच्या पालावर येतात. खुद्द तुरुंगातही जातीनुसार कामे वाटण्याची पद्धत कारागृह नियमावल्यांमध्ये टिकून होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि तुरुंगातील नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढण्याचे आदेश दिले. प्रजासत्ताक होऊन ७४ वर्षे झाल्यावर हा निकाल आला.

गर्दी का होते?

पहिले कारण म्हणजे गरज नसताना होणारी अटक. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक ही नेहमीची बाब असू नये. ती का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी लेखी नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले. आधी नोटीस देऊन चौकशीला बोलावण्याची तरतूद जुन्या कायद्यात कलम ४१-अ मध्ये होती, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३५ मध्ये आहे. सोसायटीत राहणाऱ्या आरोपीला नोटीस मिळते. वस्तीतल्या पोराला गाडीत बसवून नेले जाते. हा फरक कायद्याच्या पुस्तकात नाही, पण व्यवहारात आहे.

दुसरे कारण जामीन मिळूनही तो भरता न येणे. आमच्या मते या सगळ्यातले सर्वांत लाजिरवाणे कारण हेच आहे. न्यायालय म्हणते, वीस-पंचवीस हजारांचा जामीन द्या आणि ऐपतदार जामीनदार उभा करा. जामीनदाराकडे रेशनकार्ड, पगारपत्रक किंवा मालमत्तेची कागदपत्रे हवीत. ताडीवाला रोडवर किंवा जनता वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहणारी, धुणीभांडी करणारी आई असा जामीनदार कुठून आणणार? गावाकडचा भाऊ तयार असतो, पण तो 'स्थानिक' नाही म्हणून चालत नाही. १९७८ मध्येच मोती राम या गवंड्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी यावर बोट ठेवले होते. दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याच्या भावाला नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. आज जवळपास अर्धशतकानंतरही तीच अडवणूक आम्ही पाहतो. मग कुटुंब पैसे घेऊन उभा राहणारा जामीनदार शोधते, त्यासाठी व्याजाने कर्ज काढते, किंवा मुलगा आतच राहतो.

तिसरे कारण खटला पुढे न सरकणे. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ साली केली होती. आज मंजूर पदेच सुमारे २१ आहेत आणि तीही सगळी भरलेली नसतात. त्यात कैद्याला न्यायालयात न्यायला पोलीस पथक लागते. बंदोबस्त, सण, निवडणूक, नेत्यांचे दौरे यांत पोलीस गुंतले की कैद्याला तारखेला नेलेच जात नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सवर दोन मिनिटांत पुढची तारीख पडते. कैद्याला आपल्या खटल्यात काय झाले हे कळतही नाही.

चौथे कारण वकिलाशी न होणारी भेट. अटकेतील प्रत्येक व्यक्तीला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. तरीही अनेक कुटुंबे सरकारी वकील म्हणजे 'फुकटचा, म्हणून कामाचा नाही' असे मानून दागिने विकतात. दोन-तीन तारखांनंतर पैसे संपतात आणि खाजगी वकील येईनासा होतो. मग कैदी कायद्याच्या दृष्टीने वकील असलेला, पण प्रत्यक्षात बिनवकिलाचा राहतो.

पाचवे कारण कडक कायद्यांचा सढळ वापर. १९९९ च्या मोक्का कायद्याच्या कलम २१ मुळे जामीन मिळणे फार अवघड होते. १९८१ चा एमपीडीए कायदा तर खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करण्याची मुभा देतो. पुण्यात गेल्या काही वर्षांत टोळ्यांविरुद्ध या दोन्ही कायद्यांचा मोठा वापर झाला आहे. कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांचा त्रास वस्तीतल्याच माणसांना सर्वांत जास्त होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण टोळीचा म्होरक्या आणि त्याच्या मागे फिरणारा एकोणीस वर्षांचा पोरगा यांना एकाच मापाने मोजले की तो पोरगा वर्षानुवर्षे आत राहतो आणि बाहेर येतो तेव्हा खरोखरच टोळीचा झालेला असतो.

आत काय होते?

आदर्श कारागृह नियमावलीनुसार बरॅकमध्ये प्रत्येक कैद्याला ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट जागा हवी. कैदी दुप्पट झाले की हीच जागा २० चौरस फूट होते. म्हणजे साधारण सहा फूट बाय साडेतीन फूट. त्यातच सामान, त्यातच झोप. कूस बदलायची तर शेजाऱ्याला जाग येते. पाणी, संडास आणि दवाखाना यांसाठी रांगा लागतात. खरूज आणि क्षयरोग अशा जागी सहज पसरतात. नियमावली ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर आणि सहा कैद्यांमागे एक रक्षक सांगते. पदे रिकामी आणि कैदी जास्त, म्हणून हे प्रमाण कागदावर राहते. तुरुंगातील कर्मचाऱ्यांवरचा ताणही या हिशेबात धरला पाहिजे.

गर्दीत नव्या-जुन्याची, लहान-मोठ्या गुन्ह्यांची वेगळी व्यवस्था कोलमडते. मोबाइल चोरीतला पोरगा सराईतांच्या शेजारी झोपतो. जागा आणि संरक्षण हीसुद्धा मग विकत घ्यायची गोष्ट होते.

येरवड्यात महिलांसाठी वेगळे कारागृह आहे. सुधा भारद्वाज तिथे कैदेत होत्या आणि तिथल्या स्त्रियांबद्दल त्यांनी 'फ्रॉम फांसी यार्ड' हे पुस्तक लिहिले, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुष आत गेला की बायको, आई मुलाकातीला येते. बाई आत गेली की अनेकदा कोणीच येत नाही, असा आमचा अनुभव आहे. सहा वर्षांपर्यंतची मुले आईसोबत तुरुंगात राहू शकतात. त्यापुढे त्यांना बाहेर काढावे लागते. ती कुठे जातात, हा प्रश्न न्यायालयात क्वचितच विचारला जातो.

बाहेर काय होते?

तुरुंगाची भिंत कुटुंबालाही वेढते. कमावता मुलगा आत गेला की खोलीचे भाडे थकते, बचत गटाचा हप्ता चुकतो. मुलाकातीच्या दिवशी आईचा रोज बुडतो. धाकटी बहीण शाळा सोडून कामाला लागते. बाहेर आल्यावर चारित्र्य पडताळणीत प्रलंबित खटला दिसतो, म्हणून सुरक्षारक्षकाची किंवा कंपनीतली नोकरी हातची जाते. निर्दोष सुटला तरी गेलेली वर्षे कोणी भरून देत नाही. शिष्यवृत्ती, प्रवेश, नोकरी यांतून दोन पिढ्यांनी जे मिळवलेले असते, ते दोन वर्षांच्या कच्च्या कैदेत खर्ची पडते.

एक परिणाम चळवळीच्या नजरेतून सुटतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगातील व्यक्तीला मतदान करता येत नाही, मग तिचा गुन्हा सिद्ध झालेला नसला तरी. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा तेवढा अपवाद आहे. जामिनावर बाहेर असलेला श्रीमंत आरोपी मतदान करतो, निवडणूकही लढवतो. जामिनाचे पैसे नसलेला गरीब आरोपी मतदान करू शकत नाही. ज्या मताधिकारासाठी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे १९१९ पासून मांडणी केली, तो गरिबीमुळे असा निसटतो.

नवे तुरुंग बांधले तर?

सरकारचे नेहमीचे उत्तर म्हणजे नवी इमारत. जुन्या बरॅका पडक्या असतील तर त्या बांधल्याच पाहिजेत. पण वर दिलेला हिशेब पाहा: सात वर्षांत क्षमता सुमारे १९ टक्क्यांनी वाढली आणि तरीही गर्दी ११४ वरून १३१ टक्क्यांवर गेली. येणारा नळ उघडा आणि जाणारी मोरी तुंबलेली असेल तर टाकी मोठी करून काय उपयोग?

उलट उदाहरण करोनाकाळाचे आहे. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला सांगितले. महाराष्ट्रात हजारो कैदी तात्पुरत्या जामिनावर किंवा रजेवर बाहेर आले. म्हणजे कोणाला आत ठेवण्याची गरज नाही, हे यंत्रणेला ठरवता येते. पक्क्या कैद्यांसाठी तर आपल्याकडे जुना मार्गदर्शक प्रयोग आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ १९३९ साली औंध संस्थानात सुरू झालेली स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिथे कैदी शेती करून राहतात. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला.

'मग अ‍ॅट्रॉसिटीच्या आरोपींचे काय?'

हा प्रश्न आम्हाला कार्यकर्ते विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. एकीकडे आपण अत्याचार करणाऱ्यांना अटक करा म्हणून मोर्चे काढतो, दुसरीकडे जामीन सोपा करा म्हणतो. यात विसंगती नाही का?

आमचे उत्तर असे. साक्षीदारांना धमकावू शकणारा, गावात दहशत असलेला आरोपी आत ठेवण्याला ठोस कारण असते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने अटकपूर्व जामिनावर बंदी घातली ती याच कारणासाठी. किरकोळ चोरीतला, पळून जायला जागाही नसलेला पोरगा आत ठेवायला तसे कारण नसते. धोका पाहून निर्णय घ्या, ऐपत पाहून नको, एवढीच मागणी आहे. शिवाय अ‍ॅट्रॉसिटीचे खटले आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत संपवावेत, असे कायदाच सांगतो. ते वर्षानुवर्षे रेंगाळतात, कारण न्यायालयेही तुरुंगांसारखीच तुंबली आहेत. लवकर निकाल ही पीडिताची गरज आहे आणि कच्च्या कैद्याचीही.

कायद्याने उघडे ठेवलेले दरवाजे

• मुदतीत आरोपपत्र न आल्यास जामीन: गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. अर्ज मात्र आरोपपत्र येण्याआधी करावा लागतो. मोक्कासारख्या विशेष कायद्यांत ही मुदत वाढवता येते.

• कलम ४७९: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. यापूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. सात वर्षांच्या गुन्ह्यात एक तृतीयांश म्हणजे २ वर्षे ४ महिने. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू केले. दोन अडचणी आहेत. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यात येत नाहीत. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असले तरी हा लाभ मिळत नाही, आणि वस्तीतल्या अनेक मुलांवर दोन-तीन खटले असतातच. या दुसऱ्या अटीविरुद्ध आवाज उठवण्याची गरज आहे.

• जामीन मंजूर, पण सुटका नाही: ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जायला हवा. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे आहे. एक महिन्यात जामीन भरता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे विलंबाचे कारण असल्याचेही त्यात म्हटले आहे.

• गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना: २०२३ पासून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी मदत मिळू शकते; २०२३ च्या मूळ योजनेत ही मर्यादा अनुक्रमे ४० हजार आणि २५ हजार होती. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे असतो. यूएपीए, अमली पदार्थ कायदा अशा काही कायद्यांखालील आरोपी यातून वगळले आहेत.

• मोफत वकील: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि त्याचे लोकअभिरक्षक कार्यालय. विधी सेवेची राष्ट्रीय मदतवाहिनी १५१००.

आपण काय करू शकतो?

वस्तीतला कोणी अटकेत गेला की पहिल्याच आठवड्यात एका वहीत पाच गोष्टी लिहा: अटकेची तारीख, पोलीस ठाणे आणि गुन्हा क्रमांक, लावलेली कलमे, खटल्याचा सीएनआर क्रमांक, आणि पूर्वी शिक्षा झाली आहे का. सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पुढची तारीख कोणालाही पाहता येते. कलम ४७९ चा सगळा हिशेब अटकेच्या तारखेवर चालतो आणि नेमकी तीच कुटुंबाला आठवत नाही.

महिन्यातून एक रविवार विहारात कायदेविषयक मदतीची बैठक ठेवा. वकिली शिकणारी आपली मुले-मुली आता प्रत्येक वस्तीत आहेत. पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नाव नोंदवता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून दाखवत आला आहे की प्रशिक्षित समाजकार्यकर्ता कैदी, वकील आणि कुटुंब यांच्यामधला दुवा झाला तर अडकलेली सुटका मार्गी लागते.

पगारदार मंडळींनी आणखी एक करावे. नात्यातल्या, ओळखीतल्या पहिल्यांदाच अडकलेल्या मुलाची नीट चौकशी करून त्याला जामीनदार राहावे. जोखीम आहे, कागदपत्रे गुंतून राहतात, हे खरे. पण आरक्षणाने ज्याच्या हाती पगारपत्रक आले, त्याच्याच एका सहीने एखाद्या घरातला मुलगा परत येऊ शकतो.

आणि मागणी राजकीय पातळीवर न्यायची आहे. येरवड्यातील कच्च्या कैद्यांच्या पुनर्विलोकन समितीने दर बैठकीत किती जण तपासले, किती सुटले, जामीन मंजूर होऊनही किती जण आत आहेत, हे आकडे जाहीर व्हावेत. ही माहिती माहिती अधिकारात मागता येते. पुण्यातल्या संघटनांनी दर तिमाहीला हा एक अर्ज केला, तरी आत अडकलेल्यांची यादी कोणाच्या तरी टेबलावर नियमितपणे उघडावी लागेल.